डेकाटे सरांचा शेंडा

आमच्या शाळेत कोणी उडी मारली, की डेकाटे सर ती वाया जाऊ देत नसत. मधल्या सुट्टीत नळाच्या ओट्यावरून एखादी पोरगी खाली उतरली, कुत्र्यानं नाली ओलांडली, पाल दिसली म्हणून शिपायानं स्टूल सोडलं, की सर शर्टाच्या खिशातून खडू काढायचे आणि हाताशी येईल त्या भिंतीवर समीकरण मांडायचे. हेडमास्तरांनी पेंटर लावून त्या भिंतींवर सुविचार रंगवून घेतले होते. ‘नेहमी खरे बोलावे’च्या खाली कुत्र्याची उडी असायची. हेडमास्तर ती पुसायला लावायचे, आणि शिपाई पुसता पुसता आपली उडी कुठे लिहिली आहे ते शोधायचा.

आमची शाळा कारंजा (घाडगे) तालुक्यात, हायवेपासून थोडी आत. मी तिथे मराठी शिकवते. डेकाटे सर गणित शिकवायचे, म्हणजे निदान पगार तरी त्यासाठीच घ्यायचे. अंगानं काडी, आवाज मात्र कीर्तनकाराचा. पँट सायकलच्या चेनमध्ये अडकू नये म्हणून उजव्या पायाला क्लिप लावायचे आणि ती काढायचं विसरायचे, त्यामुळे दिवसभर त्यांचा एक पाय शाळेत आणि एक सायकलवर असल्यासारखा दिसे. बोलण्यात गोडवा औषधालाही नव्हता. स्टाफरूममध्ये कोणी वाढदिवसाचा पेढा दिला, तर खाऊन “जुना आहे” असं सांगायचे. पेढा जुनाच असायचा, पण ते सांगायला कोणी सांगितलं होतं?

दहावीला वर्गसमीकरणं आली की सरांना चेव चढायचा. पुस्तकात गणित असायचं, की एका शेतकऱ्याच्या शेताची लांबी रुंदीपेक्षा इतकी जास्त आहे आणि क्षेत्रफळ इतकं आहे, तर रुंदी काढा. सर ते मोठ्यानं वाचायचे आणि पुस्तक मिटायचे.

“असा कोनता शेतकरी आहे बे, ज्याले आपल्या वावराचं क्षेत्रफळ पाठ आहे अन् रुंदी मालूम नाई? हा शेतकरी नाई, तलाठी आहे. चाला, उड्या मारा.”

मग पोट्टे-पोट्ट्या अंगणात. उडी मारल्यावर माणूस किती वेळात किती उंच जातो, याचं समीकरण सर मांडून दाखवत. त्यात तीन आकडे असत आणि त्या तीन आकड्यांवर सरांचं एक प्रवचन ठरलेलं असे. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवताना ते इतक्या वेळा ऐकलंय, की माझ्या पोरांना कविता कमी आणि हे जास्त पाठ झालं.

“पहिला आकडा धरतीचा. वजा पाच. धरती सगळ्याइले सारखीच ओढते, अध्यक्षाले तेवढीच अन् गड्याले तेवढीच. मधला आकडा आपला, पायातल्या जोराचा. शेवटचा आकडा, उडी मारताना आपन कुठी उभे होतो त्याचा. दोघाइच्या उड्या ताडून पाहाच्या असन, तर पह्यले शेवटचा आकडा पाहाचा. आपल्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब, त्याइचा पोरगा कोनती उडी मारते? तो मारतच नाई. त्याचा शेवटचा आकडाच मोठा आहे.”

वर्ग हसायचा. संध्याकाळपर्यंत ते वाक्य अध्यक्षांच्या बैठकीत पोचायचं. सरांची वेतनश्रेणीची फाइल संस्थेच्या ऑफिसात कायम कशाखाली तरी दबलेली असे, त्यामागचं कारण याहून वेगळं शोधायची गरज नव्हती.

उडीतला सगळ्यात वरचा क्षण म्हणजे शेंडा. शिरोबिंदू हा शब्द सरांना चालायचा नाही. “शिरोबिंदू म्हटलं का डोकेदुखीची गोळी घ्यावी वाटते,” म्हणायचे. झाडाला शेंडा असतो तसा उडीला असतो, आणि दोन उड्यांची तुलना म्हणजे दोन शेंड्यांची तुलना, एवढं पोरांच्या डोक्यात बसलं की झालं. पोरांच्या डोक्यात ते बसलंही. पुढे बोर्डाच्या परीक्षेत एकानं उत्तरपत्रिकेत ‘शेंडा’ लिहिलं आणि त्याचे गुण गेले, तेव्हा सर चूक बोर्डाची आहे असं महिनाभर सांगत फिरले.

हे वेड शाळेबाहेरही पाझरायचं. हायवेवरच्या धाब्यावर आम्ही एकदा चहाला थांबलो होतो. तालुक्यातल्या एका पुढाऱ्यानं नुकतीच या पक्षातून त्या पक्षात उडी मारली होती आणि बाजूच्या टेबलावर त्याचीच चर्चा चालली होती. सर उठून तिथे गेले.

“उडी उडी काय करून राह्यले बे? प्रत्येक उडीची दोन मुळं रायते. एक निंगाची वेळ, एक खाली याची वेळ. याचं दुसरं मूळ पाच वर्सानं आहे. येते पाहा वापस तिथंच.”

त्या टेबलावर पुढाऱ्याचा सख्खा भाऊ बसला होता. मी सरांचा आणि माझा चहा तसाच ठेवून बाहेर आले. सर मात्र पूर्ण पिऊन आले.

एकदा तपासणीला मोठे साहेब आले. त्यांना अनुभवातून शिक्षण पाहायचं होतं, आणि मुख्य म्हणजे त्याचे फोटो हवे होते. सरांनी साहेबांनाच अनुभव दिला. “साहेब, एक उडी मारा,” म्हणाले. साहेबांना वाटलं, फोटो चांगला येईल. त्यांनी बेल्ट वर ओढला आणि उडी मारली. पोरांनी मोबाइलवर ती टिपली, हिशेब केला, आणि फळ्यावर साहेबांचं समीकरण आठवीतल्या सोनूच्या शेजारी मांडलं. “साहेबाचा शेंडा सगळ्याइच्या खाली,” असा एकमुखी निकाल लागला. हेडमास्तरांचा चेहरा पाहून मला खरंच दया आली. साहेब गेल्यावर ते सरांना म्हणाले, “डेकाटे सर, जरासं तरी जमवून घेत जा ना.” सर म्हणाले, “जमवता येते ते गनित नाई, सर. थे बिल आहे.”

मला सर आवडायचे असं नाही. अशा माणसाशेजारी बसलं की आपण दिवसभरात किती ठिकाणी मान डोलावली ते आठवत राहतं, आणि त्याचा राग त्याच्यावरच निघतो. स्टाफरूममध्ये त्यांच्या बाजूची खुर्ची बहुधा रिकामी असे.

आणि मग एका वर्षी उंच उडीचं प्रकरण झालं.

तालुक्याच्या स्पर्धेला जायला संस्थेनं जीप दिली होती. कबड्डीच्या मुली, खेळाचे उमाटे सर आणि मुलींना प्रोत्साहन द्यायला येणारे संस्थेचे सदस्य बसल्यावर तिच्यात एकच जागा उरत होती. उंच उडीच्या मुली होत्या दोन. एक पायल राऊत, दुसरी रविना, अध्यक्षांची पुतणी. दोघी दहावीतल्या. पायलला जायचं होतं, जीव तोडून जायचं होतं. तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्यात नंबर लागला तर नागपूरला खेळाच्या वसतिगृहात, असा रस्ता तिनं मनाशी आखला होता. नाहीतर दहावीनंतर घरीच बसायचं, हे घरच्यांनी सांगून टाकलं होतं. तिच्या वयोगटाचं ते शेवटचं वर्ष. रविनाला जायचंच नव्हतं. “मॅडम, मले उन्हात चक्कर येते, पन काका आईकतच नाई,” असं तिनं मला सांगितलं होतं. अध्यक्षांना मात्र घरातल्या पोरीचा फोटो पेपरात हवा होता.

शाळेत उंच उडीचे खांब नव्हते. ते अध्यक्षांकडच्या लग्नात मांडवाला नेले होते आणि अजून तिकडेच मुक्कामाला होते. उमाटे सरांनी दोरी धरली. दोरीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं शिपायाच्या. पायल धावत आली की दोरी ताठ व्हायची, आणि रविना आली की उमाटे सरांचा खांदा दुखायला लागायचा. सगळ्यांना दिसत होतं, बोलत कोणी नव्हतं. डेकाटे सर बोलले.

“उमाटे सर, हात खाली करा. आता हाताचं कामच नाई. मोबाइल लावा. पाय जमिनीवरून सुटले तवापासून टेकले तवापर्यंत किती वेळ गेला, थे पाहू. जेवढा वेळ हवेत, तेवढा शेंडा वर. समीकरन ना काका ओळखते ना पुतनी.”

हेडमास्तरांनी लगेच मान्य केलं. निर्णय कोणीही आपल्या डोक्यावरून उचलत असेल तर ते नेहमीच मान्य करत.

रविनाची उडी त्याच दुपारी वाळूच्या खड्ड्यात टिपली. पायलची पाळी आली आणि पाऊस आला. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पाणी साचलं होतं, आणि नाव ऑनलाइन भरायची मुदत संध्याकाळी संपत होती. मग व्हरांड्यासमोरच्या मुरमाड जागेवर गाद्यांची थप्पी लावली. या गाद्या पाहुण्यांच्या, पांढऱ्या खोळींच्या, एरवी कुलपात असायच्या. त्या पायलसाठी काढायला सरांनी हेडमास्तरांशी भांडण केलं होतं. पायलनं धावत येऊन उडी मारली आणि गाद्यांवर उतरली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पायलच जास्त उंच गेली, याची उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्या कोणालाही शंका नव्हती.

सरांनी फळ्यावर दोन्ही समीकरणं मांडली. पायल हवेत होती सेकंदाचा सहा दशांश भाग, रविना सात दशांश. पायलचा मधला आकडा तीन, रविनाचा साडेतीन. पायलचा शेंडा पंचेचाळीस सेंटीमीटर, रविनाचा एकसष्ट. सरांनी पुन्हा केलं, तेच आलं. खडू खाली ठेवून ते म्हणाले, “रविना.”

पायल फळ्याकडे बघत राहिली. तिनं वहीत तेच गणित सोडवून पाहिलं, तिचंही तेच आलं, आणि ती वही दप्तरात घालून घरी गेली. जीपमधली शेवटची जागा रविनाला मिळाली. तालुक्याला तिनं पहिल्याच उंचीवर दांडी पाडली आणि येताना सगळ्यांसोबत समोसे खाऊन आली. ती सुटल्यासारखी दिसत होती.

गावात त्यानंतर जे सुरू झालं ते पाहून मला हसावं की रडावं कळेना. गावानं एका रात्रीत ठरवलं, की डेकाटे सर अखेर सुधारले. इतकी वर्षं ज्यांनी सरांकडे पाहून तोंड फिरवलं, ते थांबून रामराम करू लागले. किराणा दुकानदारानं त्यांना स्टूल दिलं. “सर, आता जमलं तुमाले दुनियादारीचं गनित,” म्हणाला. उमाटे सरांनी तर मिठीच मारली. “माह्यापेक्षा हुशार निंगाले तुमी. मी आपला खांदा दुखवत बसलो, तुमी फळ्यावर पास केलं.” दबलेली फाइल अचानक वर आली आणि सही होऊन बाहेर पडली. सर प्रत्येकाला सांगायचे, “अरे, समीकरनानं जे दिलं तेच मी सांगतलं,” आणि प्रत्येक जण डोळा मारून म्हणायचा, “तेच तं.”

पायलच्या आईनं बाजारात मला पाहिलं आणि रस्ता बदलला. मी त्याच शाळेची ना.

मग संस्थेचा वर्धापनदिन आला आणि भाऊसाहेबांनी जाहीर केलं, की यंदाचे गुणवंत शिक्षक डेकाटे सर. सर नको म्हणत होते. हेडमास्तर त्यांना जवळजवळ ओढतच स्टेजवर घेऊन गेले. स्टेजवर त्याच पांढऱ्या गाद्या अंथरल्या होत्या. भाऊसाहेबांना गुडघ्यांचा त्रास, म्हणून त्यांच्या बाजूच्या गाद्या एकावर एक थप्पी करून लावल्या होत्या, आणि सत्कारमूर्तीची जागा भाऊसाहेबांशेजारी होती. शाल पडली, नारळ हातात आला, टाळ्या झाल्या, आणि सर बसायला गेले. गादी इतकी उंच असेल हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्यामुळे ते अंदाजापेक्षा आधीच टेकले.

ते तसेच राहिले. नारळ मांडीवर, तोंड उघडं. मग त्यांनी गादीच्या कडेला वीत लावली. एकदा लावली, पुन्हा लावली. भाऊसाहेबांचं भाषण रंगात आलं होतं. एकदम सर उभे राहिले.

“चुकलं!”

हेडमास्तरांना वाटलं शाल उलटी पडली. ते धावत आले.

“शाल नाई हो! पायल गादीवर टेकली. गादी फूटभर उंच. ती जमिनीपर्यंत आलीच नाई, मंग वेळ कमी भरनच ना! अन् रविना खड्ड्यात गेली. खड्ड्यातली रेती अर्धी कंपाउंडच्या प्लास्टरले नेलती तुमी. खड्डा खोल, तिले खाली जाले वेळ जास्त लागला. मी सगळ्याइले सांगत बसलो निंगाले कुठून ते पाहा, अन् टेकले कुठी थे मीच नाई पाह्यलं!”

त्यांनी तिथेच, स्टेजवरच्या बॅनरच्या कोऱ्या कडेवर खडूनं हिशेब केला. पायल एकसष्ट, रविना चोपन्न. समोर बसलेल्या गावाला खडू दिसत नव्हता, पण सर ओरडून सांगत होते. भाऊसाहेब जुने खेळाडू. त्यांनी माइक जवळ ओढला.

“पाहा, किती मोठ्या मनाचा मानूस आहे! एका गरीब पोरीले वाईट वाटू नाई म्हनून स्वतःची चूक कबूल करून राह्यला. वाजवा टाळ्या!”

आणि गावानं आधीपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरचे दिवस सरांना जड गेले. ते दारोदार चूक सांगत फिरले आणि एकानंही ती घेतली नाही. हेडमास्तर म्हणाले, “स्पर्धा होऊन गेली, आता काहाले उकरता?” सरांनी तालुक्याच्या ऑफिसातही चक्कर मारली. तिथल्या बाबूनं सांगितलं, की चुकीच्या उडीसाठी रकाना नाही. धाब्यावर कोणीतरी म्हणालं, “पैसे कमी भेटले असन, म्हनून आता चूक आठवली.” मी स्टाफरूममध्ये त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसले. दुसरं काय करणार होते? सर म्हणाले, “मॅडम, मी आयुष्यभर बेइमान लोकाइले मूर्ख म्हटलं. आता मी मूर्ख आहो म्हनून सांगून राह्यलो, तं लोक मले बेइमान म्हनते. अन् वरून शाबासकी देते.” ते हसत नव्हते.

दुसऱ्या वर्षी सर रिटायर होऊन मुलाकडे वर्ध्याला गेले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र राहिलेत ते वर्धापनदिनानंतरच्या आठवड्यातल्या एका सकाळचे. शाळा भरायची होती. सर आणि पायल मैदानावर होते, मी गेटमधून आत येत होते. सरांनी तिला बोलावून सगळं समजावून सांगितलं असावं, कारण जमिनीवर काडीनं आकडे काढलेले होते. पायल ते बघत उभी होती.

“समजलं मले,” ती म्हणाली. “पन सर, खरंच चुकलं होतं का? का अध्यक्षाइनं सांगतलंतं तुमाले रविनाचं नाव घ्याले?”

सरांनी तिच्या हातात आपला मोबाइल दिला.

“तुहं तूच पाह्य. माह्या बोलन्यावर जाऊ नको.”

मैदानाच्या कडेला गाद्यांची थप्पी लावलेली होती. कुलूप त्यांनी कसं उघडवलं देव जाणे. साठीला टेकलेला माणूस, एका पायाला सायकलची क्लिप, धावत आला आणि गाद्यांवर उडी मारली. उठला, वळला, मागे गेला, धावत आला आणि खड्ड्यात उडी मारली. पुन्हा गाद्यांवर. पुन्हा खड्ड्यात. कंपाउंडवर पोरं चढून बसली, हायवेकडे निघालेले दोघे-तिघे मोटरसायकल थांबवून बघायला लागले. कोणीतरी शिटी मारली. चौथ्या-पाचव्या उडीला सर वाळूत गुडघ्यावर आले, हातानं रेटून उठले आणि तिथूनच ओरडले, “लिव्हलं का?”

पायल खाली बसून काडीनं आकडे मांडत होती. गाद्यांवरच्या वेळा कमी, खड्ड्यातल्या जास्त. माणूस एकच, जोर एकच. तिनं दोनदा तपासलं. मग ती उभी राहिली.

“चूकच होती, सर,” ती म्हणाली.

सरांना इतकं हायसं वाटलं की ते मोठ्यानं हसले. दोन्ही हात वर करून, वाळूनं माखलेले, कंपाउंडवरच्या पोरांकडे बघत हसले. त्या चुकीनं जिची संधी गेली तिच्यासमोरच आपण हसतोय, हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.